मालताच्या मापाची कैची

दोन हजार पंचवीस साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि शेलूबाजारपासून किन्हीराजापर्यंत माझ्याएवढी काटेरी तार ओढलेला दुसरा माणूस नव्हता. आजही नाही. असेल तर आणा समोर. मी त्याचे तळहात पाहीन आणि सांगीन, यानं तार ओढली की नुसती पाहिली.

शाळा माझी दुसरीपर्यंत. दिवाळी अंकवाल्यांनी निरोप पाठवला की तुमच्या धंद्याचं लिहून द्या, तेव्हाच मी सांगितलं, लिहितो, पण मधात कोणी हात घालायचा नाही. शब्द वाकडा गेला तर वाकडा राहू द्या. माझी तार वाकडी जात नाही, तेवढं पुरे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कुंपण म्हणजे खांब रोवले, तार ओढली, झालं. तसं नसतं. कुंपण उभं राहतं ते कोपऱ्यावर. मधले खांब नुसते तारेला धरून उभे असतात, सगळा ताण कोपऱ्याचा खांब खातो. म्हणून त्याला दोन अंगांनी तिरपे टेके द्यायचे आणि खड्डा बाकीच्यांपेक्षा खोल घ्यायचा. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते, आणि खांबाला हलवून हलवून दातासारखा ढिला करते. दुसरी गोष्ट, भर उन्हात तार ताणायची नाही. उन्हानं ती सैल झालेली असते, तुम्ही अंगातलं बळ लावून ओढता, आणि मग पौषातल्या थंडीत ती आखडली की कोपराच उपटून काढते. सकाळी ओढायची, गार असताना. सगळ्यात खालची तार जमिनीला लागून, रानडुकरासाठी. सगळ्यात वरची छातीच्या वर, रोह्यासाठी. रोही म्हणजे नीलगाय. दिसायला गरीब, पण हरभऱ्यात कळप शिरला तर सकाळी वाटतं कोणी वस्तरा फिरवून गेलं.

मी डावखुरा. तारेला तार बांधताना लोक उजवीकडे पिळतात, माझा पीळ डावीकडे पडतो. तो सोडवायला गेलेला माणूस आधी उलट फिरवतो, गाठ आणखी आवळते, मग मला शिव्या देतो. कोणाच्याही वावरात असा उलटा पीळ दिसला तर समजावं, श्रावण इंगोले इथं येऊन गेला.

दुसरी ओळख माझी कैची. कुंपण घालण्याआधी मी तार खांद्यावरून खाली उतरवतच नाही. आधी धुऱ्यानं, म्हणजे वावराच्या बांधानं, पूर्ण फिरतो आणि पायवाट पाहतो. वावरातून कुठून तरी माणसं जातातच, पाण्याला, रस्त्याला, नदीला. त्या वाटेवर तार आली की ती तुटतेच. आज नाही तर पोळ्यापर्यंत. मालक म्हणतो चोर आला. चोर कसला, रोज जाणारी बाई असते ती. तिनं तरी काय करावं? म्हणून त्या जागी मी तीन खांब लावतो. दोन कुंपणाच्या दोन तोंडांवर आणि तिसरा मधोमध, पण थोडा पुढं काढून. खाली उंबऱ्यासारखा गुडघाभर दगड, डुकरासाठी. माणूस दगड ओलांडतो, अंग वळवतो आणि निघतो. ढोराचं अंग लांब, त्याला वळता येत नाही. याला आमी कैची म्हणतो.

कैचीचं माप कुठं लिहिलेलं नाही. माझं माप म्हणजे माझी बायको, मालता. कमरेवर भरली टोपली घेऊन ती निघाली पाहिजे, टोपली घासली नाही पाहिजे. नवीन ठिकाणी कैची केली की मी तिला घेऊन जातो आणि चालवून पाहतो. वाशीमचा एक व्यापारी होता, शेत आमच्याकडे, अंगानं भरपूर. तो कैचीत अडकला. मागंही येईना, पुढंही जाईना.

"श्रावण, हे ढोरासाठी केलं का मह्यासाठी?" असा ओरडला.

म्हटलं, "शेठजी, जे अडकलं त्याच्यासाठी."

त्यानं पुन्हा काम दिलं नाही. नको देऊ.

आता त्या पंचवीस सालाचं सांगतो. दिवाळी होऊन गेली होती, सोयाबीन निघालं होतं, हरभरा दोन पानांवर होता. किन्हीराजाचे दिगंबरराव मोठे शेतकरी, त्यांनी रस्त्याकडच्या वावराला तार घालायचं काम मला दिलं. वावराच्या मागं पंधरावीस घरांची वस्ती आहे. तिथल्या बाया बाजाराला, दवाखान्याला जायच्या तर याच वावराच्या कडेनं मोठ्या रस्त्यावर येतात आणि जीप धरतात. मी सांगितलं, इथं कैची लागते. दिगंबरराव म्हणाले, नाही लागत. तीन बाजू ओढून झाल्या आणि चौथ्या बाजूवर आमचं अडलं.

त्या संध्याकाळी आमी शेलूबाजारच्या चौकात गोलूच्या हॉटेलात बसलो होतो. टीव्हीवर बातम्या. आधी अमेरिकेची भिंत दाखवली, हातात बेड्या घालून विमानात बसवलेली माणसं दाखवली. मग आपल्या सीमेवरचं सुरू झालं. चार माणसं चार खिडक्यांतून एकाच वेळी ओरडत होती.

"पाहा श्रावणबाबा," दिगंबरराव म्हणाले, "केवढी भित घातली त्यायनं. तिले ठेवली का कैची? अन् तुमी मह्या हरभऱ्याले कैची मांगता."

"भित घातली तरी लोकं गेलेच न भाऊ. गेले म्हनून त परत आनून राह्यले."

गोलू चहा गाळता गाळता म्हणाला, "बाबा, तुमी त सोता सीमेवर तार ओढेल हाये. सांगा न, निंगते का कोनी त्याच्यातून?"

"मह्या तारेतून? मांजर नाही निंगत."

"मंग हे एवढे घुसखोर आले कुठून? मी म्हन्तो, जे बंगाली बोलते ते सारे तिकडचेच. एकेकाले धरून हाकला."

मी कप खाली ठेवला. "सारे?"

"सारे."

"तुही मालताकाकू भावासंग फोनवर कायच्यात बोलते रे?"

गोलूची गाळणी हातातच राहिली. "काकूचं येगळं हाये बाबा. काकू आपली हाये. तिच्या हातचं खाऊन मोठा झालो मी."

"ते नाही इचारलं मी."

"जाऊ द्या न," दिगंबरराव म्हणाले. "मालताबाईचं माहेर आपल्याच देशात हाये, साऱ्याले माहीत हाये. कायले वाढवता?"

"आपल्याच देशात हाये," मी म्हणालो, "पन तारेच्या भाईर हाये. अन् ते तार म्या ओढेल हाये."

हे कोणाला पटकन समजत नाही, म्हणून सांगतो. सीमेवर दोन देशांच्या मधात दगडाचे खांब असतात, वावरातल्या धुऱ्यावर असावेत तसे. आपली तार त्या खांबावर नसते. ती बरीच अलीकडे, आपल्या जमिनीत घालतात. त्यामुळे काही घरं, काही वावरं मधात राहतात. देश आपला, मतदान आपलं, पण तारेच्या पलीकडे. त्यांच्यासाठी दूर एक फाटक असतं. ठरल्या वेळी उघडतं, ठरल्या वेळी बंद होतं, आणि शिपाई ओळख पाहून सोडतो. मालताचं माहेर अशा मधल्या पट्टीत. तिथून पुढं मात्र तार नाही, फाटक नाही. वावर संपलं की एक दगडी खांब, आणि खांबापलीकडच्या पहिल्या घरात तिची बहीण पारुल दिलेली. आमी शेलूबाजारची पोरगी किन्हीराजात देतो तशी. दिली तेव्हा तार नव्हती.

मी तिकडं गेलो तेव्हा तेहेतीस वर्षांचा आणि बिनलग्नाचा. लग्न जमत नव्हतं असं नाही. मी पोरगी पाहायला जायचो आणि तिच्या बापाशी भांडून यायचो. अकोल्याचा एक ठेकेदार आमच्या भागातले तारवाले घेऊन चालला होता, मीही गेलो. तिथली जमीन पाहूनच मी घाबरलो. हात खुपसला की पाणी. कोपऱ्याचा खांब उभा राहावा म्हणून आमी खालून काँक्रीटचा गड्डा भरायचो. खांबांच्या दोन ओळी आणि मधात तारेची वेटोळी. असं काम मी आधी केलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा. सरळ रेघ, नजर जाईल तिथपर्यंत, आणि तिच्यात माझा उलटा पीळ.

मालता आमाला पाणी आणून द्यायची. तिचं घर पलीकडे, विहीर अलीकडे. रोज एकाच वाटेनं यायची, वाट पायानं गुळगुळीत झालेली. आमची रेघ सरकत सरकत त्या वाटेवर आली. ती कमरेवर घागर घेऊन उभी राहिली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "कल मैं किधर से आएगा?"

मी साहेबाकडे गेलो. म्हटलं, इथं वाट आहे, इथं कैची ठेवू द्या. तीन खांबांचं काम आहे, मी फुकट करून देतो. साहेब माणूस चांगला होता. हसला आणि म्हणाला, "बाबा, ये तुम्हारा खेत नहीं है।" त्याचंही खरं होतं. त्याला वरून रेघ आखून आली होती, रेघेत वाट नव्हती. दुसऱ्या दिवशी मीच तिथं तार ताणली. ती पलीकडे उभी राहून पाहत होती. मला वाटत होतं, हिनं दोन शिव्या द्याव्यात.

मग काम सुटलं की मी चालत त्या फाटकापर्यंत जायला लागलो. फाटक बंद व्हायच्या आधी ती अलीकडून पाणी घेऊन परतायची. तेवढंच बोलणं. माझी हिंदी तशी, तिची हिंदी तशी, पण भांडायला पुरायची. महिन्याभरात मी तिच्या बापापुढं जाऊन बसलो. म्हातारा तापट, माझ्यासारखाच. तिची आई म्हणाली, फाटकाच्या आतली पोरगी आता कोण करेल, हा विचारतो आहे तर द्या. पारुल धुऱ्यावरून पळत आली, तिच्या हातात मुरमुरे होते, तिनं ते मला खाऊ घातले आणि म्हणाली, "जामाईबाबू।" लग्न झालं. निघताना म्हाताऱ्यानं मला फाटकाशी थांबवलं. म्हणाला, माझ्या घराला तू तार घातली आणि पोरगी घेऊन तूच बाहेर चालला. आता जावई म्हणून या फाटकातून आत येऊ नको.

मी म्हटलं, नाही येणार. आणि नाही गेलो.

मालता एकदाच गेली. बाप वारला तेव्हा तिचा भाऊ निताई तिला न्यायला आला होता आणि सोडायलाही आला. त्यानंतर तिचं माहेर फोनात. आधी चौकातल्या डब्ब्यावरून बोलायची, मग बटणाच्या फोनवर, आता चेहरा दिसतो त्याच्यावर. निताई फोन घेऊन धुऱ्यावर जातो, पलीकडून पारुल येते, आणि तिघं बोलतात. मालता इथं भाकरी थापता थापता त्यांच्याशी बोलते. त्या भाषेत ती हसते ते हसू वेगळं असतं. आमच्या भाषेत ते मी कधी ऐकलं नाही. इतकी वर्षं झाली, आमच्या गावात तिच्यासारखी वऱ्हाडी झोडपणारी बाई नाही, पण ते हसू तिकडचंच राहिलं.

तर त्या संध्याकाळी मी हॉटेलातून तणतणत घरी आलो. मालता ओट्यावर बसली होती, फोन मांडीवर. चूल थंड.

"काय झालं वं?"

"पारुलचा पोरगा तिले शहरात नेऊन राह्यला. धान कापलं का घर बंद. वावर देल्लं दुसऱ्याले."

"मंग बरं हाये न. पोरापाशी राहीन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "अवो, ते धुऱ्यावर येनार नाही आता. कधीच. शहरातून कुठून येईन ते धुऱ्यावर? अन् मी कुठं जाईन तिकडं?" मग म्हणाली, "धान उभं हाये तोवर मी जाते."

"कोनासंग?"

"तुमच्यासंग. निताईचे गुडघे गेले, तो येत नाही न्याले."

"म्या त्या फाटकात पाय ठेवनार नाही म्हनून सांगतलं होतं."

"कोनाले सांगतलं? बाबाले. बाबाले मरून किती वर्सं झाले? आता कोनासंग भांडून राह्यले तुमी?"

मी आवाज वाढवला. "दिगंबररावाचं काम अर्धं पडेल हाये."

"हाव, आयकलं. त्याच्या वावराले कैची पाह्यजे म्हनून सारं हॉटेल डोक्यावर घेतलं म्हने तुमी. दुसऱ्याच्या बायायची काळजी लय हाये तुमाले."

तेवढ्यात निताईचा फोन पुन्हा आला. मालतानं तो माझ्या तोंडापुढं धरला. निताई माझ्याशी हिंदीत बोलतो. मी त्याला काही तरी विचारायचं म्हणून विचारलं, तार कशी आहे? मनात होतं, निदान ती तरी दाखव. त्यानं फोन फिरवला. लांबवर कुंपण दिसलं, उंच, चकचकीत, बारीक जाळीचं. माझं नव्हतं.

"वो पुराना तो कब का निकाल दिया," निताई म्हणाला. "जंग लग गया था। ये नया है।"

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. ज्या तारेचा मला एवढा अभिमान आणि जिच्यापायी एवढा अबोला, ती तिथं नव्हतीच. गंजली, उपटली, भंगारात गेली. मी इथं शेलूबाजारात बसून तिचा धनी म्हणून मिरवत होतो.

निताई फोन घेऊन घराच्या मागं गेला. तिथं दुधीचा मांडव होता. चार बांबू आणि वर तारा ओढलेल्या, काटे ठेचून काढलेल्या, त्यांच्यावर वेल चढलेला आणि दुधी लोंबत होते. बांबूशी तारा बांधल्या होत्या, आणि मधल्या जोडावर दोन तारांची गाठ होती.

"तुम्हारा काम चल रहा था, तब का टुकड़ा है," निताई म्हणाला. "बाबा उठा के लाया था। बांबू बदलता है, ये गाँठ नहीं खोलता। बाबा बोलता था, जामाई का गाँठ है, इसको हाथ मत लगाना।"

मी हिंदी विसरून म्हटलं, "फोन जोळ घे. आनखी जोळ."

त्यानं जवळ नेला. पीळ डावीकडे होता. गंज चढला होता, पण ढिला नव्हता.

म्हाताऱ्यानं मला फाटकात येऊ दिलं नाही आणि माझी गाठ परसात नेऊन बांधली. दर वर्षी वेल लावला, दर वर्षी खालून पाणी घातलं. मला एका शब्दानं कळवलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही कळवलं नसतं.

"चष्मा कुठं हाये मव्हा?" मी मालताला म्हटलं.

"डोळ्यालेच हाये."

मी तो काढून पुसला. मग मी म्हटलं, "वाशीमहून गाडी कधी निंगते?"

ती आत गेली आणि पिशवी घेऊन आली. पिशवी भरलेली होती. पारुलसाठी लुगडं, निताईसाठी मुगाच्या वड्या, तिळाचे लाडू. हे एका संध्याकाळचं काम नव्हतं.

फाटकाशी काय झालं, धुऱ्यावर काय झालं, ते मी लिहिणार नाही. ते मालताचं आहे, तिला सांगावं वाटेल तेव्हा ती सांगेल. हे लिहिताना माझ्या खांद्यावर जो गमछा आहे तो पारुलच्या हातचा आहे, एवढं सांगतो. आणि कुंपणाविषयी विचाराल तर मी आजही कुंपणाच्या बाजूचा आहे. रोह्याला तार पाहिजे, देशालाही पाहिजे असेल. ते मोठ्या लोकांनी ठरवावं. मी फक्त म्हणतो, तार ओढणाऱ्यानं आधी धुऱ्यानं फिरावं आणि खाली पाहावं.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमी दोघं पहिल्या जीपनं निघालो आणि किन्हीराजाला उतरलो. मालता म्हणाली, "इथं कायले?" मी सब्बल घेतली आणि दिगंबररावांच्या चौथ्या बाजूवर, वस्तीच्या वाटेवर, तीन खड्डे केले. खांब तिथंच पडलेले होते, उंबऱ्याला दगड धुऱ्यावरून आणला. माती दाबत होतो तेवढ्यात दिगंबरराव आले, तोंडात दातण.

"म्या नाही म्हटलं होतं न, बाबा?"

"म्हटलं होतं. मी पंधरा दिवस नाही. नसन पाह्यजे त उपटून टाका."

त्यांनी मालताच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "कुठं निंगाले?"

"माहेरी," मालता म्हणाली.

मी मालताला म्हटलं, चालून पाहा. तिनं पिशवी कमरेवर घेतली, दगड ओलांडला, वळली, आणि अडकली. टोपलीपेक्षा पिशवी मोठी होती. मी मधला खांब उपटला, वीतभर पुढं घेतला, पुन्हा माती भरली, पायानं दाबली. ती परत मागं आली, परत गेली. या वेळी पिशवी कुठं घासली नाही. ती पलीकडे निघाली आणि न थांबता रस्त्याकडे चालू लागली.

"या न लवकर," तिकडूनच ओरडली. "गाडी चुकन."

मी सब्बल दिगंबररावांच्या हातात दिली आणि तिच्या मागून, अंग वळवून, निघालो.